गोळी वेळेवर, झोप मात्र अवेळी!

सातपूरच्या कारखान्यात काम करणारे आमच्या वस्तीतील एक बंधू परवा तणतणतच घरी आले. "जयभीम भाऊ! त्या लॅबवाल्याचं मशीन बिघडलंय. मागं शुगर बरी होती, आता एकदम चढली. गोळी चुकवली नाही, गोड तोंडात घातलं नाही. मग वाढली कशी?"

आम्ही पडलो कारकून. हिशेब जुळेना की आधी तारखा पाहायच्या, ही आमची खोड. वहिनी दिनदर्शिकेवर त्यांच्या पाळ्या लिहून ठेवतात. शेजारी रिपोर्ट मांडले, तर वाढलेले सगळे आकडे रात्रपाळीच्या आठवड्यांतले निघाले!

एका माणसाच्या तारखांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण शास्त्रही हेच सांगते. 1999 साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 11 निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. तेवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद घटली. भरपूर झोप दिल्यावर ती सुधारली. निरोगी तरुणांची ही गत, तर मधुमेह्याचे काय?

असे का होते? आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. त्याच्या यंत्रणेचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्र ही विश्रांतीची वेळ, असे हे घड्याळ धरून चालते. त्यामुळे रात्री दोनला खाल्लेला डबा दुपारच्या त्याच डब्यापेक्षा साखर जास्त वाढवतो. झोप अपुरी झाली की ताण वाढवणारी द्रव्ये रक्तात उतरतात, यकृत जादा साखर सोडते आणि इन्सुलिनचा असर कमी होतो. त्यातच भूक खवळते, आणि हात चहा-पाव, वडापावकडे जातो.

उलट बाजूही आहे. साखर वाढली की रात्री वारंवार लघवीला उठावे लागते, पायांची आग होते. म्हणजे झोप बिघडली की साखर वाढते आणि साखर वाढली की झोप बिघडते.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. 1948 च्या आरंभी, राज्यघटनेच्या मसुद्याचे ओझे खांद्यावर असताना, पायांतील वेदनांनी त्यांच्या रात्रीच्या रात्री झोपेविना जात होत्या. इन्सुलिन चालू होते. खालावलेल्या प्रकृतीमुळे पुन्हा विवाह करण्याचा विचार त्यांनी मार्च 1948 मध्ये आपल्या नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांना पत्राने कळवला होता. 15 एप्रिलला डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

बाबासाहेब रात्र रात्र जागून वाचत, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण मजूरमंत्री म्हणून 1946 साली त्यांनी मांडलेल्या विधेयकाने बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले, हेही सांगावे. कामगाराच्या विश्रांतीसाठी मिळवलेले ते तास आपण मोबाईलला वाहून टाकावेत काय?

पाळी बदलणे आपल्या हाती नाही. पण काही गोष्टी आहेत. डॉक्टरांना आपली पाळी अवश्य सांगा. गोळी-इन्सुलिनच्या वेळा त्यांनाच ठरवू द्या. मनाने डोस बदलू नका. रात्रपाळीला मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी घ्या, मध्यरात्री हलकेच खा. पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर उपाशी राहू नका. घाम, थरथर, गरगरणे जाणवले तर लगेच साखर-पाणी घ्या. पाळीच्या शेवटच्या तासांत चहा टाळा. घरी आल्यावर खोली अंधारी करून, ठरलेल्या वेळी, सात तास तरी झोपा. मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

घरच्यांचेही काम आहे. दिवसा झोपलेला माणूस आळशी नव्हे. टीव्हीचा आवाज कमी ठेवणे, पाहुण्यांना संध्याकाळी बोलावणे, हीसुद्धा त्याच्या औषधाचीच मदत आहे.

आमच्या त्या बंधूंनी आता दिनदर्शिकेवर पाळीशेजारी झोपेचे तासही लिहायला घेतले आहेत. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे रिपोर्टबरोबर ते पानही नेणार आहेत. लॅबवाल्याशी भांडण मिटले! आपल्या घरी मधुमेह असेल तर आजच भिंतीवरचे पान काढा आणि कालची झोप त्यावर लिहा.