परदेशातील वास्तू आणि शेजाऱ्यांची संमती

शिरोड्यातील जुन्या घरांना वर्षातून एकदा तरी माणसाचा हात लागावा लागतो. मृगाच्या सरी येण्यापूर्वी छपरावरची कौले उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, वासे व रिपा वाळवीने पोखरल्या आहेत का ते पाहायचे आणि पुन्हा कौले चढवायची. कोकणात याला घर शाकारणे म्हणतात. धनी मुंबईत किंवा परदेशी स्थायिक झाला आणि दोन-तीन पावसाळे हे काम राहिले, की पाणी प्रथम छपरातून व मग भिंतीतून उतरू लागते. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीला पूर्वीचे लोक चुन्याचा गिलावा देत. त्यातून भिंतीतील ओल बाहेर पडे. आज त्यावर घाईने सिमेंट थापले, तर ओल आतच कोंडते. तेव्हा डागडुजीचा पहिला धडा हा, की जुन्या वास्तूचा स्वभाव ओळखल्याशिवाय तिच्यावर पैसा खर्च करू नये.

हे झाले आपल्या गावचे. परंतु जुनी वास्तू परक्या देशात असेल, तर तिच्या स्वभावाबरोबर तेथील कायद्याचा आणि शेजाऱ्यांचा स्वभावही ओळखावा लागतो. महाराष्ट्राने हा अनुभव लंडनमध्ये घेतला आहे.

१९२० साली वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. १९२१-२२ मध्ये ते प्रिमरोझ हिल भागातील किंग हेन्रीज रोडवरच्या दहा क्रमांकाच्या घरात राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील याच अध्ययनातून रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध सिद्ध झाला व १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. चलन स्थिर नसेल तर व्यापार आणि सामान्य माणसाची मिळकत दोन्ही कशी डळमळतात, याचा विचार त्यात आहे. व्यापारी घराण्यांनी तो ग्रंथ आजही वाचावा असा आहे.

हे घर विक्रीस निघाले, तेव्हा २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने तीस लाखांहून अधिक पौंड देऊन ते विकत घेतले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. येथवर सर्व काही सुरळीत झाले असे वाटत होते. परंतु सरकारी दप्तरी ती वास्तू राहते घर म्हणूनच नोंदलेली होती. तिचे संग्रहालय करायचे, तर वापर बदलण्याची परवानगी हवी होती आणि ती मागाहून मागण्यात आली. २०१८ मध्ये कॅम्डेनच्या स्थानिक परिषदेने ती नाकारली. लंडनमध्ये राहत्या घरांचा तुटवडा आहे. एक घर कमी होण्याची हानी स्मारकाच्या लाभापेक्षा मोठी, असे परिषदेचे म्हणणे होते. पर्यटकांच्या वर्दळीने शांतता भंगते, अशी काही शेजाऱ्यांचीही तक्रार होती.

ज्यांनी श्रद्धेने ही वास्तू जपली, त्यांना हा निर्णय जिव्हारी लागणे स्वाभाविक होते. स्मारक बंद करून त्या खोल्यांत पुन्हा बिऱ्हाड थाटावे लागणार की काय, असा प्रश्न उभा राहिला. पण परिषदेचा आक्षेप बाबासाहेबांच्या थोरवीवर नव्हता. तो वास्तूच्या वापरावर होता. म्हणून उत्तरही कायद्याच्याच मार्गाने द्यावे लागले. अपील झाले, २०१९ मध्ये सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या संबंधित मंत्र्यांनी संग्रहालयास मान्यता दिली. ज्यांनी आयुष्यभर सनदशीर मार्गाचा आग्रह धरला, त्यांचे घर त्याच मार्गाने वाचले.

जैन समाजाला या विषयातील एक जवळचे उदाहरण लेस्टर शहरात आढळेल. तेथील समाजाने १९७९ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे १८६५ सालचे चर्च विकत घेतले. ते पाडून नवे बांधण्याऐवजी त्याच वास्तूला संगमरवरी दर्शनी भाग देण्यात आला, आत कोरीव दगडी खांब उभे राहिले आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली. एकाच छताखाली श्वेतांबर, दिगंबर आणि स्थानकवासी या तिन्ही परंपरांना तेथे स्थान आहे. खरेदीपासून प्रतिष्ठेपर्यंत नऊ वर्षे गेली. हा काळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

याउलट कच्छमधील मांडवी येथे श्यामजी कृष्ण वर्मांच्या लंडनमधील 'इंडिया हाऊस'ची प्रतिकृतीच २०१० मध्ये उभारण्यात आली. मूळ वास्तू आपल्या हाती नसेल, तर स्मृती जपण्याचा हाही एक मार्ग आहे.

आज अनेक व्यापारी कुटुंबांची मुले परदेशी घरे घेत आहेत. काहींच्या नजरेत तेथील शंभर-दीडशे वर्षांची जुनी घरेही भरतात. त्यांनी व्यवहार ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. ती वास्तू संरक्षित यादीत किंवा संरक्षित विभागात आहे काय, तिचा नोंदलेला वापर कोणता, आणि भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याचा हक्क कोठवर पोहोचतो. खिडकी बदलण्यासदेखील काही ठिकाणी परवानगी लागते. किमतीची घासाघीस करताना व्यापारी जितका सावध असतो, तितकाच तो या चौकशीत असावा. कारण उशिरा मागितलेली परवानगी नेहमी महाग पडते.

शिरोड्यात घर शाकारायला निघालेला धनी आधी शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन सांगतो, "उद्या कौले उतरवतोय, धूळ उडेल." मग शेजारीच शिडी धरायला येतो. लंडन असो वा लेस्टर, त्या शब्दाचे मोल तेवढेच आहे.