जुना लाकडी जिना: काय बदलायचं, काय ठेवायचं

आज जिन्याबद्दल बोलायचं आहे. कोकणी घरात माजघराच्या कोपऱ्यातून माडीवर जाणारा जो लाकडी जिना असतो, त्याबद्दल. आमचं घर रत्नागिरीत मांडवीला, समुद्राच्या अगदी जवळ. जांभ्याच्या भिंती, वर कडीपाटाची माडी आणि फणसाच्या लाकडाचा उभा जिना. तो आम्ही घरच्यांनी मिळून बदलून घेतला. त्यात काही गोष्टी नीट झाल्या, काही चुकल्या. दोन्ही सांगतो.

सुरुवात गणपतीत झाली. घरात वीस-पंचवीस माणसं. आई वरून पाट घेऊन उतरत होती, ती शेवटच्या पायरीवर पडली आणि मनगट मोडलं. सगळे म्हणाले, जिना जुना, पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, दुसरं काय होणार! आम्हालाही ते पटलं. पायऱ्या घासून त्यांना खरखरीत रंग दिला. महिनाभरात पाहुण्यांपैकी एक जण त्याच जागी अडखळला. मग टेप घेऊन बसलो.

वरच्या दहा पायऱ्यांची चढण प्रत्येकी पावणेदहा इंच. तळाची मात्र साडेसात. सव्वादोन इंच गेले कुठे? जमिनीत. पूर्वी शेणाने सारवलेली जमीन होती, मग कोबा आला, मग कोब्यावर लाद्या. जमीन वर आली, जिना होता तिथेच राहिला. जिना उतरताना आपण प्रत्येक पायरी बघत नाही. दोन-तीन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो आणि पुढे तो त्याच हिशोबाने पडतो. पावणेदहा इंचांची सवय झालेला पाय साडेसातवरच जमिनीला टेकला की गुडघ्याला हिसका बसतो आणि तोल जातो. म्हणजे दोष झिजलेल्या लाकडाचा नव्हताच, लाद्यांचा होता. तुमच्याकडे लाद्या नंतर बसवल्या असतील तर घरी गेल्यावर पहिलं काम हे करा: सगळ्या पायऱ्या मोजा.

लाद्यांनी आणखी एक घोळ केला होता. जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या फळ्या पूर्वी जांभ्याच्या दगडावर टेकलेल्या होत्या. जुन्या सुतारांची ही मुद्दाम केलेली सोय. लाकूड ओलीपासून आणि वाळवीपासून वर राहतं. कोबा घालणाऱ्याने दगडासकट फळ्यांची टोकं सिमेंटात गाडून टाकली. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. ती ओल खालून लाकडात चढत राहते आणि बाहेर पडायला वाट नाही. एक लादी उचकटली तर आत मातीच्या नळ्या, आणि फळी पोकळ. बाहेरून पॉलिश झकास! स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, पोकळ लाकडाचा आवाज लगेच वेगळा येतो.

आता घरातल्या चर्चेबद्दल. काकांचं म्हणणं, आजोबांनी बसवलेल्या जिन्याला हात लावू नका. मुंबईच्या चुलत भावंडांचं म्हणणं, मोडून टाका आणि लोखंडी गोल जिना बसवा, जागाही वाचेल. गोल जिन्याला आमचा ठाम विरोध होता. त्याची पायरी आतल्या बाजूला निमुळती होत जाते, म्हाताऱ्या माणसाला ती जड. गादी वर नेता येत नाही. आणि मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड म्हणजे दर दोन वर्षांनी रंगकाम.

मग सोपा उतार का नाही करायचा? इथे खरी मेख आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरात पायरीची चढण जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे सुमारे साडेसात इंच, आणि पाय ठेवायची रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच. आमची माडी जमिनीपासून ८ फूट ९ इंचांवर. जुन्या जिन्यात पायरीची रुंदी साडेसहा इंच, त्यामुळे तो साडेपाच फुटांत मावत होता. संहितेप्रमाणे केला तर जवळजवळ अकरा फूट हवेत. अर्धं माजघर गेलं!

सतराव्या शतकात ब्लाँडेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने एक सूत्र दिलं, ते आजही वापरतात. दोन चढणी आणि एक रुंदी यांची बेरीज माणसाच्या पावलाएवढी, साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर यावी. गंमत अशी की आमचा जुना जिना, ज्यावरून उतरताना टाच बाहेर लोंबायची, तो ६६ सेंटिमीटरला म्हणजे जवळजवळ सूत्रात बसत होता. तेव्हा नुसत्या बेरजेवर विसंबू नका. आम्ही मधला मार्ग धरला: तेरा चढणी, प्रत्येकी आठ इंचांपेक्षा किंचित जास्त, रुंदी नऊ इंच, लांबी नऊ फूट. संहितेपेक्षा उभाच, पण पूर्ण पाऊल टेकतं.

जिना लांबला की वरची पोकळीही लांबवावी लागते, नाहीतर चढताना डोकं कडीवर आपटतं. संहिता २.२ मीटर मोकळी उंची मागते. आम्हाला साडेसहा फूट जमली. त्यासाठी चार फुटांची पोकळी साडेसात फूट करावी लागली आणि मध्ये येणाऱ्या दोन कड्या कापाव्या लागल्या. कडी ही माडीचा भार वाहते. ती कापायच्या आधी खालून टेकू द्यायचे, आणि कापलेलं टोक पेलायला नवी आडवी तुळई घालायची, जिची दोन्ही टोकं शाबूत कड्यांवर किंवा भिंतीवर बसतील. त्या शाबूत कड्यांवर जास्तीचा भार येतो, तो त्यांना झेपेल का हे इंजिनिअरकडून तपासून घ्या. सुताराचा अनुभव कितीही असो, आम्ही दोघांनाही एकत्र बसवलं आणि ते पैसे वसूल झाले.

बाजूच्या फळ्या आणि पायऱ्या नव्या सागवानाच्या केल्या. पहिली पायरी मात्र लाद्यांवर दगडाची, लाकूड तिच्यावर टेकवलेलं, वाळवी आली तर दिसेल असं. इथे आमची चूक झाली. मे महिन्यात लाकूड ठणठणीत वाळलेलं असताना पायऱ्या अगदी घट्ट बसवून घेतल्या. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, पण रुंदीत वाढतं. नऊ इंचांची फळी पावसाळ्यात दोन-तीन मिलिमीटर फुगते. जुलैत दोन पायऱ्या कमानीसारख्या उचलल्या गेल्या. त्या काढून, रंधा मारून पुन्हा बसवाव्या लागल्या. खिळ्यांऐवजी पितळी किंवा ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू वापरा. साधा खिळा गंजून फुगतो आणि लाकूड चिरतो.

सगळ्यांनाच कड्या कापणं परवडणार नाही, आणि ते ठीक आहे. तळाची पायरी बाकीच्यांइतकी करा. त्यासाठी सगळा जिना थोडा उचलावा लागला तर वरचा जोड बघून घ्या, नाहीतर तोच फरक वर जाईल. मुठीत मावेल असा गोल कठडा दोन्ही बाजूंना लावा. दिव्याचं बटण खाली आणि वर, दोन्हीकडे हवं. आणि घरातल्या थोरल्या माणसांची खाट खाली आणता आली तर आधी ती आणा. आम्ही आईची खाट जिना होण्याआधीच खाली आणायला हवी होती.

काकांच्या फणसाच्या पायऱ्या नव्या जिन्याला अरुंद पडत होत्या. त्या माडीवरच्या कठड्याला लावल्या आहेत, मधल्या झिजेसकट. काका गणपतीत आले की त्यावर हात ठेवून उभे राहतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.