गहू सुटला, तरी पोट दुखते

आमच्या घरात गव्हाचा मान फार मोठा आहे. पूर्वज होळकरांच्या काळात कोकणातून माळव्यात आले, तेव्हा भाताची आवड बरोबर घेऊन आले होते. परंतु माळव्याच्या गव्हाने पुढच्या पिढ्यांना केव्हा आपलेसे केले, ते कोणालाच कळले नाही. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी फुलके, सणाला पुरणपोळी आणि पावसाळ्यात डाळ-बाफले, हा इंदूरच्या मराठी घरांचा क्रमच होऊन बसला आहे. अशा घरात चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आमच्या सूनबाईंना सांगितले, की यापुढे जन्मभर गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये.

त्यांच्या अंगात रक्त कमी होते. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू होत्या, पण गुण येत नव्हता. जोडीला पोटफुगी, अधूनमधून जुलाब आणि न संपणारा थकवा. अखेर एका डॉक्टरांना शंका आली. रक्ताची तपासणी झाली, दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि 'सीलिॲक' या रोगाचे निदान झाले. औषध एकच : ग्लूटेन सोडणे. गहू सुटला आणि दोन महिन्यांत चेहऱ्यावर तजेला आला. आम्ही निश्चिंत झालो. पाचव्या महिन्यात मात्र पोट पुन्हा फुगू लागले, जुलाब परतले. "गहू तर सोडला, आता आणखी काय सोडायचे?" हा त्यांचा प्रश्न आम्हां सर्वांनाच निरुत्तर करणारा होता. त्याचे उत्तर शोधण्यात आमचे वर्ष गेले. ज्या घरांवर ही वेळ येईल त्यांचे तेवढे वर्ष वाचावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

केळ्यांनी केलेली फसगत

प्रथम रोगाविषयी थोडेसे. ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिन. काही माणसांच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच आतड्याला घायाळ करते. लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे असंख्य रसांकुर असतात व अन्नरस त्यांतूनच शोषला जातो. ते झिजून सपाट झाले, की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. हा रोग पाश्चात्त्यांचा, अशी समजूत आपल्याकडे फार काळ होती. ती खरी नाही. गहू हेच मुख्य अन्न असलेल्या उत्तर भारतात साधारणपणे शंभरांत एकाला तो असतो; भातखाऊ दक्षिणेत त्याचे प्रमाण फारच कमी आढळते.

या रोगाचा इतिहास बोधप्रद आहे. १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना भरपूर केळी देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांच्या आहारात पाव, बिस्किटे, बटाटे वर्ज्य होते. मुले खरोखर सुधारली. पण श्रेय गेले केळ्यांना! पाव बंद झाला हे सुधारण्याचे खरे कारण होते आणि तेच दृष्टीआड राहिले. पुढे हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाकडे बोट दाखविले व १९५० साली आपला प्रबंध सादर करून ते सिद्ध केले. एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या, की गुण कशाने आला आणि दोष कशाचा होता हे जाणत्या डॉक्टरांनाही कळत नाही, हा या कथेचा धडा. तो आम्हांला अगोदर ठाऊक असता, तर पुढचा घोटाळा टळला असता.

आकसत गेलेले पान

पोट पुन्हा बिघडल्यावर सूनबाईंनी आपल्याच बुद्धीने एकेक पदार्थ सोडण्यास प्रारंभ केला. प्रथम दूध गेले. मग तूरडाळ, मग शेंगदाणे, वांगी, टोमॅटो. कोणी सांगितले म्हणून मका गेला. पुढे एका खासगी प्रयोगशाळेत रक्त देऊन 'न मानवणाऱ्या' पदार्थांची यादी मागविली. ती साठाच्या घरात होती. यादी हाती आली आणि ताटात भात, बटाटा व साबुदाणा एवढेच उरले. वजन सहा किलोंनी उतरले. सणाच्या दिवशी पंगतीला बसण्याऐवजी त्या वाढायला उभ्या राहू लागल्या. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी "आजकालच्या मुलींचे सगळेच नाजूक" असेही बोलून गेले. ते बोलणारे आम्हीच होतो, हे येथे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

त्या याद्यांविषयी पुढे तज्ज्ञांनी जे समजावले ते असे. 'आय.जी.जी.' नावाच्या प्रतिपिंडांवर त्या आधारलेल्या असतात. आपण जे नेहमी खातो त्याची प्रतिपिंडे निरोगी माणसाच्या रक्तातही सापडतात. त्यांवरून अन्न मानवते की नाही हे ठरत नाही. म्हणजे आम्ही पैसे मोजून आमच्याच रोजच्या जेवणाची यादी विकत आणली होती!

डबे उघडले तेव्हा

अखेर आम्ही एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी काय सोडले हे विचारलेच नाही. म्हणाल्या, "स्वयंपाकघरातले सगळे डबे, पुड्या आणि बाटल्या घेऊन या. पीठ कोठे दळता तेही सांगा." लक्षणे राहिली तर पहिला संशय लपून आलेल्या ग्लूटेनचा घ्यायचा, कारण बहुतेक वेळा चोर तोच असतो, असे त्यांचे म्हणणे. आणि आमच्या घरात चोर एक नव्हता, टोळी होती.

पहिली गोष्ट गिरणी. ज्वारी आणि तांदूळ आम्ही कोपऱ्यावरच्या गिरणीत दळून आणत होतो. त्याच जात्यातून आधी कोणाचा तरी गहू निघालेला असे. दुसरा हिंग. शुद्ध हिंग अतिशय उग्र, म्हणून बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो; वरणाच्या फोडणीतून तो रोज पानात येत होता. तिसरे पोळपाट-लाटणे : लाकडाच्या चिरांत कणीक बसलेली, आणि सूनबाईंची भाकरीही घरच्याच तव्यावर, फुलक्यांनंतर भाजली जाई. चौथी गोष्ट ऐकून मात्र आम्ही सुन्न झालो. पोट बिघडले, की आम्ही त्यांना मायेने मऊ भात आणि मेतकूट देत होतो. मेतकुटात डाळी-तांदळांबरोबर मूठभर गहूही भाजून घालतात, हे आम्हांला का ठाऊक नव्हते? कितीतरी वेळा स्वतःच्या हातांनी केलेले! पण 'मेतकूट म्हणजे पथ्य' ही समजूत इतकी पक्की, की त्यात गहू दिसलाच नाही. थालीपिठाच्या भाजणीचे आणि सातूच्या पिठाचे तेच. माल्ट घातलेली दुधातली पूड जवाची असते, बाजारच्या सॉसात मैदा असू शकतो आणि ज्या कढईत शंकरपाळे तळले त्या तेलातला पापडही चालत नाही.

एवढ्याशा पिठाने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. हिशेब करून पाहावा. एका मध्यम फुलक्यात सुमारे अडीच ग्रॅम ग्लूटेन असते. अशा रुग्णाच्या पोटात दिवसाकाठी १० मिलिग्रॅमपर्यंत गेले तर सहसा इजा होत नाही. ५० मिलिग्रॅम रोज गेले तर काही महिन्यांत आतड्याला इजा होऊ शकते. म्हणजे फुलक्याचा पन्नासावा भाग रोज पोटात गेला तरी पुरे. याच कारणाने 'ग्लूटेनमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसावे, असा दंडक आहे.

आम्ही घरगुती लहान गिरणी घेतली. तिच्यात गहू कधीच पडत नाही. सूनबाईंचा तवा, पोळपाट, लाटणे आणि पिठाचे डबे वेगळे केले व वरच्या फळीवर ठेवले, म्हणजे वरून त्यांवर गव्हाचे पीठ सांडणार नाही. हिंग डिंकात बांधलेला, घटक वाचून आणतो. मेतकूट गव्हावाचून करतो. चवीत फरक पडत नाही.

वेळ आणि दूध

दोन महिन्यांत निम्मा त्रास गेला. उरलेल्या निम्म्यासाठी दोन गोष्टी शिकाव्या लागल्या. पहिली धीर. लहान मुलांचे आतडे लवकर सावरते. मोठ्या माणसाचे रसांकुर पूर्ववत होण्यास वर्ष, दोन वर्षे, क्वचित अधिकही लागतात. प्रतिपिंडांची रक्ततपासणी ठरावीक अंतराने केली, तर गाडी योग्य दिशेने चालली आहे की नाही ते कळते.

दुसरी गोष्ट दुधाची. दुधातील साखर पचविणारे लॅक्टेज नावाचे पाचक द्रव्य या रसांकुरांच्या अगदी टोकांवर तयार होते. टोके आधी झिजतात आणि शेवटी भरून येतात. त्यामुळे गहू सोडल्यावरही काही काळ दूध न पचणे हे अगदी संभवनीय; पुष्कळांच्या बाबतीत ते कायमचे नसते. बाईंनी दोन आठवडे दूध पूर्ण बंद करून मग अर्धा कप देऊन पाहण्यास सांगितले. त्या अर्ध्या कपानेच सूनबाईंचे पोट फुगले. कारण सापडले! तरी दूध जन्मभरासाठी तोडले नाही. विरजणात दुधातील साखर काही अंशी खर्ची पडते, म्हणून प्रथम ताक, मग दही, मग थोडे पनीर असा क्रम ठेवला. दीड वर्षाने सकाळचा कपभर चहा त्या पूर्वीसारखा दुधाचा घेऊ लागल्या.

सोडणे सोपे, परत आणणे महत्त्वाचे

साठ पदार्थांच्या यादीचे काय केले? ती फाडली आणि वही घेतली. वहीत रोज काय खाल्ले, केव्हा खाल्ले, त्रास केव्हा झाला, झोप कशी लागली, एवढेच लिहायचे. मग दर चार दिवसांनी एकच पदार्थ परत आणायचा, प्रथम थोडा, मग नेहमीएवढा. तूरडाळ आली, निमूट राहिली. शेंगदाणे, टोमॅटो, मका हेही निर्दोष सुटले. दोषी ठरले ते अनपेक्षित : कच्चा कांदा आणि राजमा. यांतील विशिष्ट शर्करा आतड्यात आंबतात व वायू धरतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी अशा पदार्थांसाठी आहाराची एक पद्धत बसविली आहे. तिच्यात वर्ज्य करण्याचा काळ जेमतेम दोन ते सहा आठवड्यांचा. पुढे एकेक पदार्थ परत आणून पाहणे हा तिचा अर्धा भाग आहे. लोक पहिला अर्धा पाळतात आणि दुसरा विसरतात.

पान भरण्याचा आणखी एक लाभ झाला. भात, बटाटा, साबुदाणा यांत चोथा फार थोडा. पोटफुगीचा काही भाग निव्वळ मलावरोधाचा होता. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, पालेभाज्या आणि डाळी आल्यावर तोही गेला. सोयाबीन येण्यापूर्वी माळव्यात खरिपाची ज्वारी उदंड पिकत असे. आमच्या आजीच्या हातची ती भाकरी आम्ही विसरलो होतो. सूनबाईंच्या निमित्ताने ती घरी परतली. ओटची गोष्ट निराळी. शुद्ध ओट बहुतेक रुग्णांना चालतात, सर्वांना नव्हे. शिवाय बाजारातील ओटांत गव्हाची भेसळ सहज होते. म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

काही गोष्टी मात्र घरच्या वहीवर सोपवू नयेत. वजन उतरत राहिले, ताप येऊ लागला, शौचातून रक्त गेले किंवा रात्री जुलाबाने जाग येऊ लागली, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. या रोगाबरोबर थायरॉइडचे विकार आढळतात. स्वादुपिंडाची दुर्बलता, लहान आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ किंवा मोठ्या आतड्याची सूक्ष्म दाहकता हीही कारणे असू शकतात व त्यांवर उपचार आहेत. वर्षभर कडक पथ्य पाळूनही आतडे भरून न येण्याचा प्रकार विरळा, पण असतो. लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि हाडांची बळकटी यांकडेही लक्ष हवे. आणि घरातील दुसऱ्या कोणाला हाच रोग असेल अशी शंका आली, तर तपासणीपूर्वी गहू सोडू नये. सोडल्यास तपासणीत काहीच दिसत नाही.

आज सूनबाई पूर्ण बऱ्या आहेत, असे म्हणणार नाही. बाहेरगावच्या लग्नात कधीतरी चुकते, दोन दिवस जातात. परंतु आता त्यांना आणि आम्हांलाही ठाऊक असते, की हे कशाने झाले आणि किती दिवसांत जाईल. भय निघून गेले, की दुखणे निम्मे होते.

गेल्या श्रावणात सत्यनारायण झाला. रव्याचा शिरा हाच प्रसाद, आणि मागील तीन वर्षे सूनबाई तो हातावर घेऊन कपाळाला लावीत व दुसऱ्याला देत. या वेळी तांदळाचा रवा काढून आम्ही सवा पटीचा शिरा त्याचाच केला. वेगळ्या वाटीत नव्हे, सर्वांसाठी तोच. आलेल्यांपैकी फरक कोणाच्या ध्यानात आला नाही. सूनबाईंनी प्रसाद घेतला, खाल्ला आणि पुन्हा हात पुढे केला.

ज्या घरात असे माणूस असेल, त्यांनी त्याचे पान रिकामे करण्यापूर्वी आपले डबे उघडून पाहावेत, एवढेच आमचे मागणे आहे.