जोर कुणाचा, कुणावर?

वक्त्याचं भाषण 'फोर्सफुल' असतं. दार तोडून घरात घुसणं म्हणजे 'फोर्सिबल एन्ट्री'. आणि इंजिन बंद पडल्यामुळे वैमानिकाने शेतात विमान उतरवलं, तर ते 'फोर्स्ड लँडिंग'. 'फोर्स' एकच, विशेषणं तीन! पहिल्यात जोर अंगचा असतो, दुसऱ्यात तो दुसऱ्यावर चालवलेला असतो, तिसऱ्यात माणसापुढे पर्यायच उरलेला नसतो. झोपड्या पाडल्याच्या बातमीत 'फोर्सफुल' छापून आलं, की उगाच कौतुकाचा सूर लागतो. तिथे 'फोर्सिबल'च हवं.

हा फरक आपल्याला मुळीच परका नाही. जबरदस्त नाटकाला आपण रांग लावतो, जबरदस्तीने मात्र कुठेही बसत नाही. फारसीत 'जबर' म्हणजे वर आणि 'दस्त' म्हणजे हात. ज्याचा हात वर, तो जबरदस्त!

'सक्ती' ही 'शक्ती'ची सख्खी बहीण वाटते ना? नाही. तीही फारसी, 'सख्ती' म्हणजे कडकपणा यावरून आलेली. सक्तमजुरीत तीच आहे आणि ईडीच्या मराठी नावात, सक्तवसुली संचालनालयातही तीच. पण या शब्दाला खरा मान मिळवून दिला तो शाळेने. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये बडोदा संस्थानात ती अमलात आणली, शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात. अशा सक्तीला इंग्रजी 'फोर्स्ड' म्हणत नाही, 'कम्पल्सरी' म्हणते.

'फोर्स'चं मूळ लॅटिन 'फोर्टिस', म्हणजे बळकट. त्याच कुळातले 'फोर्ट', 'एफर्ट' आणि चक्क 'कम्फर्ट'सुद्धा. 'कम्फर्ट'चा जुना अर्थ बळ देणं. मुंबईच्या फोर्टची तटबंदी 1860 च्या दशकात पाडली गेली, नाव तेवढं टिकलं. डॉक्टरांचा 'फोर्सेप्स' मात्र या घरातला नव्हे. तो मुळात लोहाराचा चिमटा, गरम वस्तू पकडण्याचा.

भाजीवरही जोर चालतो बरं का! इंग्लंडच्या यॉर्कशर भागात 'फोर्स्ड रुबार्ब' पिकतो. शेतात थंडी खाल्लेली मुळं उबदार, काळोख्या शेडमध्ये आणून लावतात. उजेडाच्या शोधात देठ इतक्या झपाट्याने वाढतात की कोंब फुटल्याचा आवाज ऐकू येतो. तोडणी मेणबत्तीच्या उजेडात. 2010 मध्ये युरोपीय संघाने या नावाला संरक्षण दिलं.

कायद्याच्या पुस्तकांत हे शब्द फार तोलून येतात. इंग्लंडमधला 1381 चा कायदा सांगत होता, की जागेवर हक्क असला तरी दांडगाईने, माणसं जमवून आत शिरायचं नाही, शांतपणेच शिरायचं. तो 1977 पर्यंत टिकला! आपल्याकडे 1860 च्या भारतीय दंड संहितेने बलप्रयोग समजावताना नदीकाठी बांधलेल्या होडीचं उदाहरण दिलं होतं. होडीत कुणी बसलेला असताना तुम्ही मुद्दाम दोर सोडलात आणि होडी प्रवाहाला लागली, तर तो बलप्रयोगच. त्या माणसाला बोटही लावायची गरज नाही. रथाच्या घोड्यांना चाबूक मारणं, अंगावर कुत्रा सोडणं हीसुद्धा त्याच यादीतली उदाहरणं.

एका शब्दाने किती अन्याय होतो, ते अमेरिकेत दिसलं. एफबीआयच्या आकडेवारीत बलात्काराच्या व्याख्येतच 'फोर्सिबली' हा शब्द होता. परिणामी, संमती नव्हती पण बळही वापरलं गेलं नाही, अशा कितीतरी घटना राष्ट्रीय आकड्यांत येतच नव्हत्या. हा शब्द काढून टाकण्याचा निर्णय 2012 मध्ये जाहीर झाला. फार उशिरा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये उलट वाट धरली. शब्द काढला नाही, त्याचा अर्थ रुंद केला. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती आणि मजुरांना किमान वेतनही पुरतं मिळत नव्हतं. राज्यघटनेचं कलम 23 'फोर्स्ड लेबर'ला बंदी घालतं, पण इथे चाबूक कुणाच्याच हातात नव्हता. न्यायमूर्ती भगवतींनी निकालात स्पष्ट केलं, की भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजे वेठबिगारी.