ट्रंकेतली लोकर बाहेर काढू या!

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. पावसाळ्यातली बोचरी हवा आणि मागोमाग येणारी थंडी, त्यामुळे आपल्याकडे घरोघरी स्वेटर, कानटोप्या विणल्या जात. उरलेले गुंडे मात्र ‘कधीतरी उपयोगी पडतील’ म्हणून ट्रंकेत गेले आणि तिथेच राहिले. सासूबाईंनी हौसेने घेतलेली, अज्जीने उसवून ठेवलेली लोकर टाकवत नाही आणि वापरलीही जात नाही. कसर मात्र आपलं काम करत असते.

म्हणून आधी पारख करा. धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली, तर ती खरी लोकर, म्हणजे आपली उण्णे. वितळून कडक मणी झाला, तर ॲक्रिलिक. कसर लागते ती खऱ्या लोकरीला. शंका असल्यास गुंडे पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या मरतात.

उसवलेली लोकर कुरळी झालेली असते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत टांगा. धागा सरळ होतो.

आता विणायचं काय? थोड्या थोड्या लोकरीला क्रोशाचे चार इंची चौकोन उत्तम. बारीक धागे दोन-दोन एकत्र घेऊन जाडी सारखी करा. आठ बाय दहा, असे 80 चौकोन एकाच गडद रंगाने जोडले की 32 बाय 40 इंचांचं पांघरूण होतं. खरी लोकर आणि ॲक्रिलिक मात्र एकत्र नको; धुताना एक आटते, दुसरी तशीच राहते. आणि ॲक्रिलिक वितळतं, म्हणून त्याचं गरम भांडी धरायचं फडकं करू नये.

तुकड्याला तुकडा जोडायची ही रीत आपल्याला नवी नाही. मराठीत तिला गोधडी म्हणा, कन्नडमध्ये कौदी, ऊब तीच. चौकोन अज्जीने विणावेत, जोडणी नातीने शिकावी. हा रंग कुणाच्या स्वेटरचा, हे सांगणारं माणूस घरात आहे, तोवरच हे काम हाती घ्या.