आमच्याकडचे रस्ते वाकडे का?

(इयत्ता चौथी)



मागच्या वेळी ह्या भिंतीवर धानाच्या रोगांवर लेख होता. ह्या वेळी मी रस्त्यांवर लिहीत आहे. विषय सांगितला तर वर्गातली पोरं हसली. म्हणाली, रस्त्यावर काय लिहायचं, तो तर नुसता पडून राहतो. पण लिहायला घेतले तर एक कागद पुरला नाही. गुरुजींनी खाली दुसरा कागद चिकटवू दिला. शेवटचे वाचताना जरा वाकावे लागेल.

आधी दगडांचे सांगते. रस्त्याच्या कडेला जे दगड असतात त्यांना मोठी माणसे अजून मैलाचा दगड म्हणतात. मैल कधीचेच गेले, आता किलोमीटर आहेत, पण नाव राहिले. दगडाचे अंग पांढरे असते आणि डोके रंगवलेले असते. डोके पिवळे असले तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवे असले तर राज्य महामार्ग. काळे किंवा निळे असले तर जिल्ह्याचा रस्ता. आणि नारिंगी असले तर प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला गावाचा रस्ता. ही योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. रंग उडाला असेल तर मात्र काही कळत नाही. एका दगडावर शेळ्या रोज अंग घासतात, त्याचे डोके आता कोणत्याच रंगाचे नाही.

दोन मोठ्या दगडांच्या मध्ये छोटे छोटे दगड असतात. त्यांवर २, ४, ६, ८ लिहिलेले असते. ते दर दोनशे मीटरवर असतात. म्हणजे ६ दिसला की समजायचे, मागच्या मोठ्या दगडापासून सहाशे मीटर आलो. गुरुजींनी आम्हाला दोनाच्या दगडापासून चाराच्या दगडापर्यंत चालवले. माझी ३९२ पावले झाली. आमच्या वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाची ३४० झाली. दोनशे मीटर तेच, पावले ज्याची त्याची.

आता अक्षरांची गंमत. दगडावर किंवा पाटीवर रा.मा., प्र.जि.मा., इ.जि.मा., ग्रा.मा. असे लिहिलेले असते आणि पुढे आकडा असतो. आमच्या वर्गात एकाला वाटले की प्रजिमा हे मुलीचे नाव आहे आणि तिचा हजेरी नंबर लिहिला आहे! तसे नाही. रा.मा. म्हणजे राज्य मार्ग, म्हणजेच राज्य महामार्ग. प्र.जि.मा. म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग. इ.जि.मा. म्हणजे इतर जिल्हा मार्ग. ग्रा.मा. म्हणजे ग्रामीण मार्ग, गावाचा रस्ता. शाळेत जशा इयत्ता असतात तशा ह्या रस्त्यांच्या इयत्ता आहेत. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग बघतो. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषद बघते. आपली शाळाही जिल्हा परिषदेचीच आहे.

ह्या इयत्ता कोणी पाडल्या? हे ऐकून मला फार आनंद झाला, कारण त्या आपल्या नागपूरला पडल्या. १९४३ साली डिसेंबर महिन्यात इंग्रजांचे राज्य होते. तेव्हा देशभरातले मोठे मोठे इंजिनिअर नागपूरला जमले. त्यांनी वीस वर्षांचा रस्त्यांचा आराखडा केला. त्याला नागपूर योजना म्हणतात. राष्ट्रीय, प्रांताचे, जिल्ह्याचे मोठे, जिल्ह्याचे लहान आणि गावाचे असे रस्त्यांचे वर्ग त्यांनी ठरवले. आणखी एक गोष्ट त्यांनी लिहिली. जिथे शेती चांगली आहे तिथले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. आठ किलोमीटर आपण चालत जाऊ शकतो, पण धानाचे पोते घेऊन नाही. म्हणून ते इंजिनिअर लोक मला हुशार वाटले.

आता आपल्याकडे येऊ. सगळ्यांत मोठा रस्ता इटियाडोहपासून लांब आहे. तो साकोली, कोहमारा, देवरीवरून जातो. आबाजी त्याला अजून सहा नंबर म्हणतात. २०१० साली देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांचे आकडे बदलले, तेव्हा तो आपल्याकडे ५३ झाला. तो गुजरातमधून येतो आणि ओडिशात समुद्रापर्यंत जातो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला विषम आकडा देतात आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला सम. त्याच्यातून फाटा फुटला की मागे ५३ ठेवून पुढे एक आकडा लावतात. साकोलीहून लाखांदूर, वडसा, आरमोरी, गडचिरोलीकडे जाणारा रस्ता ३५३ क आहे. आकडा बघूनच कळते की तो ५३ चा पोरगा आहे.

ह्या मोठ्या सडकेवरून एका गावाचे नाव पडले आहे. आपल्या जिल्ह्यात दोन अर्जुनी आहेत. कोहमाऱ्याजवळची, मोठ्या सडकेची ती सडक अर्जुनी. आणि मोरगावाला लागून असलेली ती अर्जुनी मोरगाव, आपला तालुका. माझे मावसाजी पहिल्यांदा नागपूरहून आले तेव्हा कंडक्टरला नुसते “अर्जुनी” म्हणाले. ते सडक अर्जुनीला उतरले आणि आमचे घर विचारत बसले. आई तिकडे अर्जुनी मोरगावच्या स्टँडवर डबा घेऊन उभी. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना पूर्ण नाव सांगत जा.

कोहमाऱ्याहून एक रस्ता दक्षिणेकडे निघतो. नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव करत तो वडशाला जातो. त्याला कोहमारा-वडसा राज्यमार्ग म्हणतात. हा आपल्या तालुक्याचा कणा आहे. वर गोंदियाला जायचे तरी तोच आणि खाली गडचिरोलीकडे जायचे तरी तोच. अर्जुनीहून मग आपल्याकडचा रस्ता फुटतो. तो गोठणगावावरून पुढे केशोरीकडे जातो. केशोरी मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. मिरचीची गाडी पुढे असली की मागच्या एसटीत सगळे शिंकतात.

आता मुख्य प्रश्न. हे रस्ते एवढे वाकडे का? गुरुजींच्या मोबाईलवर नकाशा बघितला तर मोठा ५३ नंबर पुष्कळ सरळ दिसतो, आणि आपले रस्ते मात्र सुतळी टाकावी तसे. मी आबाजींना विचारले. ते म्हणाले, “सडक पान्याले भेते बाई. जिथं पानी, तिथं ते वाकते.”

हे खरेच आहे. जुन्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणत. १ मे १९९९ ला त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण तलाव इथेच राहिले. कोहळी लोकांनी हे तलाव बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. म्हणजे तलाव आधीचे आणि डांबराचे रस्ते कितीतरी नंतरचे. जो नंतर येतो त्याने जागा बघून बसायचे. तलाव आला की रस्ता पाळीवरून तरी जातो नाहीतर लांबून वळसा तरी घेतो. बोडी आली की पुन्हा वळसा. मग जंगल आणि डोंगर. रेल्वेला असे पटकन वळता येत नाही, तिला लांबलचक वळण लागते. १९०८ साली गोंदियाहून नागभीडकडे छोटी गाडी सुरू झाली, ती पुढे मोठी झाली. अर्जुनीला स्टेशन आहे. मग गावोगावच्या बंड्या स्टेशनकडे वळल्या आणि त्यांच्या चाकोऱ्यांवरच पुढे रस्ते झाले. काही रस्ते बाजारामुळे वळले. बाजार ज्या गावाला भरतो त्या गावाला टाळून रस्ता कसा जाईल? आणि गोठण म्हणजे गाई-ढोरे बसतात ती जागा. तेव्हा गोठणगावाला जाणारी पहिली वाट ढोरांनी पाडली असणार असे मला वाटते.

पण सगळ्यांत मोठा वळसा धरणाने घातला. गाढवी नदीवर इटियाडोह धरण १९७० साली पूर्ण झाले. डोह म्हणजे नदीतली खोल जागा. बांध ५०५ मीटर लांब आणि जवळजवळ ३० मीटर उंच आहे. पाणी कालव्याने वडसा, आरमोरीकडच्या धानालाही जाते. पाणी साचले तेव्हा खालची जमीन बुडाली आणि जमिनीबरोबर वाटाही बुडाल्या. आबाजी तेव्हा वीस वर्षांचे होते. ते म्हणतात, “आमी बंडीनं सरळ जात होतो. आता त्या सडकेनं मासोळ्या जातेत.” ज्या वर्षी उन्हाळ्यात पाणी खूप उतरते त्या वर्षी गाळात जुन्या पांदणीच्या दोन रेघा दिसतात. मी त्या पाहिल्या आहेत. त्या सरळ पाण्यात जातात आणि दिसेनाशा होतात.

धरणामुळे वाटा बुडाल्या तशी नवी माणसेही ह्या रस्त्यावर आली. १९७२ साली गोठणगाव-प्रतापगडजवळ तिबेटी लोकांची वसाहत झाली. तिचे नाव नॉर्गेलिंग. ते आपला देश सोडून केवढ्या लांबून आले! महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा भरते तेव्हा ह्याच रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. प्रतापगडला महादेवही आहे आणि दर्गाही आहे, दोन्हीकडची माणसे एकाच एसटीतून उतरतात. आणि धरण भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागले की ते बघायला गाड्याच गाड्या.

आता आपल्या गावाचा रस्ता. तो ग्रामीण मार्ग आहे, म्हणजे रस्त्यांच्या शाळेतली पहिली. आम्ही दोरी धरून त्याची रुंदी मोजली. एकेरी डांबरी रस्ता पावणेचार मीटर धरतात आणि दोन गाड्या आरामात जातील असा दुपदरी सात मीटर. आपला दोन जागी पावणेचार भरला, एका जागी तीनच, कारण तिथली कड पावसाने खाल्ली आहे. समोरून ट्रॅक्टर आला की सायकल शेतात उतरवावी लागते.

आणि मध्ये रपटा आहे. रपटा म्हणजे ठेंगणा पूल. तो मुद्दाम ठेंगणा बांधतात. पूर आला की पाणी वरून निघून जावे आणि रपटा तसाच राहावा असा त्याचा हिशोब असतो. उंच पुलाला खर्च फार लागतो. हिशोब रपट्याचा बरोबर आहे, पण पाणी वरून जात असताना माणसाने थांबायचे असते. किती थांबायचे ते नाल्यावर असते. कधी एक तास, कधी आख्खा दिवस. मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंना दवाखान्यात न्यायचे होते. खाट घेऊन चौघे जण काठावर दोन तास उभे होते. पाणी उतरले आणि त्या पोचल्या. त्या आता बऱ्या आहेत. ह्या लेखात त्यांचे लिहू का म्हणून मी विचारले, तर म्हणाल्या लिही.

आपली शाळा चौथीपर्यंत आहे. जूनच्या शेवटी शाळा उघडतील तेव्हा आम्ही सात जण पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत जाऊ. पाऊसही तेव्हाच येतो. एसटी फाट्यापर्यंत येते, आत येत नाही. फाट्यापर्यंत चालायचे आणि मध्ये रपटा. माझ्या मैत्रिणीच्या घरी म्हणतात की पाण्यापावसात पोरीला पाठवायचे नाही, चौथी झाली तेवढी पुरे. ती गणितात माझ्या पुढे आहे.

म्हणून एक गोष्ट मोठ्या माणसांसाठी लिहिते. रस्त्यालाही वरची इयत्ता मिळते. तिला दर्जोन्नती म्हणतात. ग्रामीण मार्गाचा इतर जिल्हा मार्ग होतो, इतर जिल्हा मार्गाचा प्रमुख जिल्हा मार्ग होतो. किती गावे जोडतो, किती गाड्या जातात, हे बघतात. आपल्या रस्त्यावरून किती गाड्या जातात ते कोणी मोजले नव्हते, म्हणून आम्ही एका बाजाराच्या दिवशी वडाखाली बसून सकाळी सात ते अकरा मोजले. ट्रॅक्टर १४, फटफट्या ६३, सायकली ४१, बंड्या ९, जीप ५. शेळ्या मोजायच्या की नाही ह्यावर भांडण झाले. त्या सोडून दिल्या.

ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला की सगळे “आपला रस्ता, आपला रस्ता” म्हणतात. कागद जिथे जातो तिथे त्यांच्याकडे शेकडो “आपले रस्ते” असतात. नंबर लिहिला की नेमका कळतो. आपल्या रस्त्याचा नंबर फाट्यावरच्या पाटीवर आहे, ग्रा.मा. च्या पुढे. पाटीवर पळसाची फांदी आली आहे, ती बाजूला करून वाचावी लागते. मी तो मोठ्या अक्षरात लिहून ह्या लेखाच्या बाजूला खिळ्याला लावला आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी पोराला वाचायला सांगावे.

रपट्यापासून फाट्यापर्यंतची पावले अजून मोजायची राहिली आहेत. रविवारी सकाळी आठ वाजता वडाखाली या. दोरी मी आणते, खडू कोणीतरी आणा.