पाठलाग कुठे संपतो?

‘चोर, चोर!’ अशी आरोळी उठली की गल्लीतली माणसे हाताला लागेल ते घेऊन धावत सुटतात. धावणाऱ्या प्रत्येकाला वाटते, आपण कायद्याच्या बाजूने धावतो आहोत. काही अंतरापर्यंत ते खरेही असते. पुढे मात्र एक रेघ आहे. ती ओलांडली की बचाव संपतो आणि गुन्हा सुरू होतो. मी कवी माणूस, वकील नव्हे. पण ही रेघ कायद्याने साध्या शब्दांत आखून ठेवली आहे आणि ती प्रत्येकाला ठाऊक असायला हवी.

स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या भारतीय दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये बहुतांशी तसाच आला आहे. अंगावर कोणी चालून आला तर पहिला घाव बसेपर्यंत थांबावे लागत नाही. धोक्याची रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले, की हल्ला होत असताना नागरिकाने भेकडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. मात्र हा हक्क सूड उगवण्यासाठीही नाही. भीती आहे तोवर हक्क आहे. भीती सरली की तोही सरला.

मालमत्तेचे काय? समजा, भरदुपारी कोणी तुमची शेळी खुंटीवरून सोडून पळवली. मागे धावायचा, त्याला अडवायचा, शेळी सोडवून घ्यायचा आणि त्यासाठी गरजेपुरते बळ वापरायचा हक्क तुम्हाला आहे. तो तीन प्रकारे संपतो : चोर माल घेऊन निसटला, पोलिसांची मदत मिळाली किंवा माल परत हाती आला. शेळी टाकून तो मोकळ्या हातांनी पळत असेल, तर त्याच्या डोक्यात काठी घालणे हे शेळीचे रक्षण नव्हे. चार दिवसांनी तो आठवडी बाजारात दिसला, तर पोलिसांना सांगायचे. आणि जिवाला धोका नसलेल्या साध्या चोरीत चोराचा प्राण घेण्याचा हक्क मुळातच नाही. रात्रीच्या घरफोडीत कायदा गरज पडल्यास तिथपर्यंत जातो. पण चोर घरात आहे तोवरच.

मग पळणाऱ्याला धरू नये काय? जरूर धरावे. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही अटक करू शकतो. विनाकारण वेळ न घालवता, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. धरणे वेगळे, धरून मारणे वेगळे.

‘पाठलाग’ या शब्दातच पाठ आहे. परंतु समोरच्याची पाठ दिसली म्हणजे हक्क संपलाच, असे समजू नये. तो कोयता आणायला पळत असेल, तर भीती कायम आहे. उलट तो तोंड करून उभा आहे, पण त्याचे हात बांधलेले आहेत, तर भीती कसली? म्हणून न्यायालय विचारते : शस्त्र कोणाकडे होते, जखमा कुठे आणि किती, मूळ जागेपासून किती दूर, किती वेळाने? भेदरलेला माणूस घाव तोलूनमापून घालू शकत नाही, हे न्यायाधीश जाणतात. आरोपीने आपला बचाव संभवनीय आहे एवढे दाखवले तरी पुरते.

रेघ ओलांडल्यावर आणखी एक गोष्ट घडते. हक्क बाजू बदलतो. शेळी टाकून पळणाऱ्याला तुम्ही गाठून मारू लागलात, तर आता जीव वाचवण्याचा हक्क त्याचा असतो. तो चोर असला तरीही.

हा नुसता कायद्याचा कीस नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागून जगणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. चोरी झालेली नव्हती, मूल पळवलेले नव्हते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले. कोंडलेल्या माणसाचे भय कोणाला होते?

आरोळी ऐकली तर धावावे. दार लावून घेणारा शेजारी कोणालाच नको. पण माणूस हाती लागला, की काठी खाली ठेवावी आणि ११२ क्रमांक फिरवावा. पोलीस येईपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही, हे पाहणेही धावून आलेल्यांचेच काम आहे.